शेरा : जमीन ओली

पत्रात विचारलं होतं की तुमच्या ठिकाणचा उन्हाळा आजूबाजूच्या ठिकाणांपेक्षा तीन अंशांनी थंड का असतो, याचा खुलासा आठ दिवसांत करावा. खुलासा! जणू उन्हाळा हा माझ्या हाताखालचा शिपाई आहे, चार वर्षं कामावर उशिरा येतोय आणि मी त्याला पाठीशी घालतोय. पत्र मी तीनदा वाचलं. चैत्रातलं ऊन कचेरीच्या कौलांवर बसून होतं, हलायला तयार नव्हतं. दौतीतली शाई घट्ट होत चालली होती, सदऱ्यावर पाठीमागे घामाच्या मिठाचा पांढरा नकाशा उमटला होता, आणि हे लोक मला सांगत होते की नंदुरबार थंड आहे. म्हटलं, या एकदा, उभे राहा अनवाणी माझ्या आवारात दुपारी दोन वाजता, मग विचारा. पण रागावून काय उपयोग, पत्र लिहिणाऱ्याचं म्हणणं आकड्यांवर होतं आणि आकडे माझेच होते. मी कचेरीतला कारकून, आणि हवेची नोंद हे माझं जादा काम. कचेरीच्या मागे माझी राहण्याची खोली, खोलीसमोर ओटा, आणि ओट्यापासून आठ पावलं पश्चिमेला चार पायांवर उभी असलेली फटीफटींच्या फळ्यांची ती पांढरी पेटी. गावातले लोक तिला देव्हारा म्हणतात आणि येता-जाता कुणी हातही जोडतं. आत पाऱ्याच्या काचा. बारा वर्षं मी सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला ती पेटी उघडतोय, आकडा वाचतोय, वहीत लिहितोय. एक दिवस चुकवलेला नाही. आता लढाई चालू आहे, विमानांना हवेचे आकडे लागतात, म्हणून कुणीतरी सगळ्या जुन्या वह्या शेजारी शेजारी ठेवून तपासल्या आणि त्यांना दिसलं की एप्रिल १९४० पासून माझा प्रत्येक उन्हाळा तीन अंशांनी खाली आहे. पावसाळा बरोबर, हिवाळा बरोबर, फक्त उन्हाळा कमी. खाली दोन वाटा दिल्या होत्या. काच खोटी असेल तर तसं लिहावं, म्हणजे त्या काळातल्या प्रत्येक आकड्यात तीन मिळवून आकडे कायम ठेवता येतील. दोष जागेचा किंवा नोंद करणाऱ्याचा असेल तर तसं लिहावं, म्हणजे ते आकडे रद्द करता येतील.

रद्द. हा शब्द मी उठून पाणी पिऊन आल्यावर पुन्हा वाचला, तो तिथेच होता.

आमचे अव्वल कारकून पितांबरशेठ, तापीकाठच्या गुजर घरातले, हसल्याशिवाय ज्यांना पान लागत नाही, त्यांनी माझ्या खांद्यावरून पत्र वाचून घेतलं. "काय आप्पा, सरी दुनियाना पारा चढी ऱ्हायना, नि तुमना एकलाना उतरी ऱ्हायना?" मी पत्राची घडी घातली. "गप काय बसनात? लिखी टाका, काच खोटी शे. काच काय कोर्टमा साक्ष देवाले जाई?" मी म्हटलं, "काच खोटी नही शे." "तुम्हले काय माहीत?" "बारा वरीस मी दखी ऱ्हायनू." "मंग देवनी करनी शे. लिखा, पांडुरंगनी फूक मारी." आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन ते पानाची पिंक टाकायला बाहेर गेले. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांना वाटलं चेष्टा केली, पण चार वर्षांपूर्वी मी नेमकं हेच समजून चाललो होतो, आणि ते माझ्याखेरीज एकाच माणसाला माहीत होतं.

सुंदरबाई, म्हणजे माझी बायको, त्या वर्षी फाल्गुनात तापानं पडली. मुदतीचा ताप. खोलीत उकाड्यानं जीव घाबरा होई, म्हणून एप्रिलच्या दोन तारखेला मी तिची खाट ओट्यावर आणली, वर चटया बांधल्या. मी दिवसभर पुढे कचेरीत, ती मागे ओट्यावर, मध्ये भिंत. रजा मागितली असती तर मिळाली असती. मागितली नाही. नोंद कोण घेणार, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होतो, आणि हे सांगताना मला स्वतःविषयी बरं वाटत होतं, हे आता आठवलं की जीभ चावावीशी वाटते. संध्याकाळी पाचला मी पेटी उघडली की दिवसाचा सगळ्यात वरचा आकडा दिसायचा. एक तारखेला होता एकशे सहा फॅरनहाइट. दोनला एकशे तीन. तीनला एकशे तीन. आभाळ तेच, धूळ तीच, बाजारात लोक डोक्यावर ओली फडकी घेऊन फिरत होते, आणि माझा पारा उतरला होता. मी खाटेजवळ जाऊन म्हटलं होतं, "दख, तीन अंशांनी कमी शे. पांडुरंगाले तुन्ही दया उनी. आते तुन्हा ताप बी उतरी." ती हसली. बराच वेळ हसत राहिली, खोकला येईपर्यंत. त्या हसण्याचा अर्थ मी भक्ती असा लावला. तेवीस दिवस मी रोज संध्याकाळी तो आकडा तिच्यापर्यंत घेऊन जात होतो, प्रसादाच्या द्रोणासारखा, सांडू नये म्हणून जपत. पंचवीस एप्रिलला सकाळी आठची नोंद मी घेतली तेव्हा ती जाऊन तीन तास झाले होते. पाचची नोंद स्मशानातून येऊन घेतली. अंघोळ करून, ओल्या धोतरानं. तो आकडाही एकशे तीनच होता. पारा तिच्यानंतरही उतरलेलाच राहिला याचा मला तेव्हा फार आधार वाटला होता. आता चार वर्षांनी कुणी एक टोपीवाला मला विचारतोय की ती दया कुठून आली याचा आठ दिवसांत खुलासा करा.

देवावरही माणूस चिडतो. कीर्तनात बुवा सांगतात तेव्हा ते गोड वाटतं, भक्तानं देवाला दोन शब्द सुनवावेत आणि देवानं मान खाली घालावी. पण कचेरीत बसून, समोर सरकारी कागद घेऊन चिडलं की त्यात झांजा नसतात, नुसता घाम असतो. मी मनात म्हटलं, फूक मारायचीच होती तर नीट मारायची होतीस, आजूबाजूच्या चार गावांवरही मारायची होतीस, म्हणजे माझं एकट्याचं पुस्तक उघडं पडलं नसतं. सारंगखेड्याचे रेवजीबुवा रामनवमीला मारुतीच्या देवळात उभे राहत, दुपार कलली की. अंगानं किरकोळ, पण आवाज असा की देवळाबाहेर बांधलेले बैल कान टवकारत. एकदा पूर्वरंगात त्यांनी माती आणि वारा यांचं लावलं होतं. म्हणाले, हे जुनं जोडपं आहे. ती तापली की हा धूळ उडवत बोंबलत फिरतो. ह्याला गहिवर आला की ती हिरवा शालू नेसते. आधी कोण रुसलं ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही, म्हणून शहाण्यानं दोघांच्या भांडणात पडू नये, मुकाट्यानं टाळ कुटावा. बायकांच्या बाजूनं सगळ्यात मोठ्यानं हसली होती ती आमची. घरी येताना विचारलं होतं तिनं, "आपला घरमा वारा कोन नि माती कोन?" मी म्हटलं, मी वारा. "मंग तपनं पहिले कोन?" मी भरभर पावलं टाकायला लागलो होतो. मला तेव्हा पाचच्या नोंदीला उशीर होत होता.

पितांबरशेठ परत आत येण्यापूर्वी मी उठलो. पेटीत चार काचा असतात. दोन निरनिराळ्या काचा त्याच घटकेला वाचायच्या आणि ताडून बघायच्या, एवढं तरी करता येईल. दुपारचा एक वाजला होता. सांगायला लाज वाटते, पण बारा वर्षांत दुपारी एक वाजता मी त्या आवारात कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. आठ आणि पाच. जेवण आणि सुट्टीची दुपारही मी कचेरीतच काढायचो, मधली जमीन माझी नव्हतीच जणू. भिंतीला वळसा घालून आलो आणि पहिल्यांदा आवाज ऐकू आला, भस्सकन, मग मातीचा तो तहानलेला सुस्कारा. कचेरीचे माठ भरणारी कमलीबाई विहिरीवरचा हंडा कमरेवर घेऊन पेटीच्या भोवती पाणी ओतत होती. शिंपडत नव्हती, ओतत होती, शेतकरी वाफ्याला देतो तसं, पेटीपासून ओट्यापर्यंतचा सगळा पट्टा. पाणी जमिनीत जाताना वाफ उठत होती. पेटीखाली हिरवीगार हरळी होती. ती हरळी मी चार वर्षं दिवसातून दोनदा बघत होतो. पेटीखाली गवत असावं असा नियमच आहे, म्हणून तपासणीला आलेल्या साहेबानं शेऱ्यात त्याची तारीफ केली होती, आणि मी तो शेरा पितांबरशेठना वाचून दाखवला होता. वैशाखात नंदुरबारला गवत हिरवं कसं राहील, हा प्रश्न मला पडला नव्हता. पाचपर्यंत माती वाळून पांढरी होत असणार. मी खाली बघितलंच नव्हतं. मी पाऱ्याकडे बघत होतो.

"कमलीबाई! हाई काय करी ऱ्हायनी तू?"

ती दचकली नाही. "पानी टाकस, आप्पा."

"ते दिसस माले. कोनी सांगं?"

"बाईनी."

"कोनती बाई?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी अजून ज्ञानी झालो नाही याचं तिला नवल वाटावं. "तुमनी. सुंदरबाईनी."

मी ओरडलोच. "ती जाईसन चार वरीस व्हयनात!"

"व्हयनात ना," ती म्हणाली, हंडा खाली ठेवत. "तिनी 'टाक' सांगं व्हतं. 'बंद कर' कोठे सांगं?"

डोक्यात शब्द येत होते ते सगळे कचेरीतले होते. मी ओट्यावर बसलो. ओटा चटका देत होता. ती आपली बोलत राहिली, तिला घाई नव्हती. खाट ओट्यावर आली त्याच दिवशी बाईनं तिला जवळ बोलावलं होतं. उन्हाचा वारा तोंडावर येतो, निखारा फिरवल्यासारखा लागतो, तर तो ज्या देव्हाऱ्याजवळून येतो तिथे दुपारी पाणी टाकशील का. पंधरा हंडे पुरतात. दहा पुरत नाहीत, करून बघितलं. "आठे जमीन थंडी करी ते ओटावर वारा थंडा लागस. तिले बरं वाटे. डोया मिटी पडे." मग मला म्हणाली, "आप्पा, जमीन तपनी ते वारा तपस, जमीन थंडी ते वारा थंडा. ह्यामा लिखासारखं काय शे?" मी विचारलं, मला का नाही सांगितलं. कमलीबाई पदरानं तोंड पुसत हसली, आणि ते हसणं मला ओळखीचं वाटलं. "तीच बोलनी, आप्पाले सांगू नको, त्यासना पारा रुसी जाई."

म्हणून ती खोकला येईपर्यंत हसत होती तर. मी द्रोण घेऊन जात होतो आणि प्रसाद तिच्याच घरचा होता. पांडुरंगाची दया म्हणून मी तेवीस दिवस तिला तिनंच मागवलेल्या पाण्याचा हिशेब ऐकवत होतो, आणि तिनं एकदाही माझ्या तोंडचा आनंद काढून घेतला नाही. मला राग आला. तिचा, कमलीबाईचा, त्या हिरव्या हरळीचा, आणि सगळ्यात जास्त त्या मधल्या भिंतीचा. मी कमलीबाईला सांगितलं की तीन दिवस पाणी टाकायचं नाही, सरकारी काम आहे. ती म्हणाली, "सरकारले बी ताप उना का?" मी म्हटलं, हो, आला.

तीन दिवस. आदल्या आठवड्यात आकडे होते एकशे चार, एकशे पाच, एकशे चार. कोरड्या जमिनीवर पहिल्या दिवशी एकशे सात, मग एकशे आठ, मग पुन्हा एकशे आठ. काचा चारही ताडून बघितल्या, खऱ्या होत्या, एका केसाचा फरक नाही. हरळीची टोकं तिसऱ्या दिवशी वाळलेल्या मिशांसारखी झाली. ओट्यावर दुपारी बसून बघितलं, पश्चिमेचा वारा आला तो भट्टीचं दार उघडल्यासारखा, आणि मी गाल वळवला. खाटेवर पडलेल्या माणसाला गालही वळवता येत नाही. चौथ्या दिवशी म्हटलं, टाक पाणी. संध्याकाळी एकशे पाच. पंधरा हंडे पाण्यानं आभाळ तीन अंश खाली येतं. रेवजीबुवा, भांडणात पडू नका म्हणालात, पण माझं घरच त्या दोघांच्या मधोमध होतं की हो.

खुलाशाला दोन दिवस उरले. पितांबरशेठनी आपल्या हातानं मसुदा करून ठेवला होता, काच खोटी असल्याचं, सुवाच्य, मोकळ्या जागेवर फक्त माझी सही हवी. "आप्पा, सही ठोका. आकडा बी वाचतीन, तुमनी इज्जत बी वाची, नि त्या कमलीनी नोकरी बी. कोनले काय दुख?" वाईट माणूस नाही. मी काळजीनं वाळत चाललोय हे त्यांना दिसत होतं, आणि त्यांच्या परीनं त्यांनी मला सावली केली होती. मी टाक उचलला. सहीच्या आधी, का कोण जाणे, सन चाळीसची वही काढली. दोन एप्रिल, एकशे तीन. तीन एप्रिल, एकशे तीन. चार, एकशे दोन. माझंच अक्षर, त्या दिवसांत थोडं मोठं, थोडं आनंदी. काच खोटी ठरली तर हे आकडे कायम राहणार होते, अधिक तीन. म्हणजे कुणीतरी दूर टेबलाशी बसून, पंख्याखाली, दोन एप्रिलचे एकशे सहा करणार होता. चारचे एकशे पाच. अकरा एप्रिलला, ज्या दिवशी ती मला म्हणाली होती की आज वाऱ्याला वाळ्याचा वास आहे, त्या दिवसाचेही एकशे पाच. तेवीसच्या तेवीस दिवस ते लोक सहीशिक्क्यानिशी तिच्या अंगावरचं पाणी पुसून टाकणार होते आणि तिला पुन्हा त्या निखाऱ्यात निजवणार होते, कायमची, छापील. आणि ती तिथे नव्हती! ती तेवीस दिवस एकशे तीनात होती. कचेरीत मी होतो एकशे सहात, बाजार होता एकशे सहात, सगळं नंदुरबार होतं. ती नव्हती. आकडे खोटे नव्हतेच. जमीन वेगळी होती.

रद्द केले तर काय करतात? रेघ मारतात. लाल शाईची एक रेघ. बारा वर्षांचा माझा तोरा त्या रेघेखाली जाईल, पितांबरशेठ पान लावताना दहा वर्षं हसतील, नोंदीचं काम कदाचित दुसऱ्याकडे जाईल. पण रेघेखालचा आकडा वाचता येतो. मिळवलेल्या आकड्यातून आधीचा आकडा परत दिसत नाही.

मसुदा मी बाजूला सारला आणि स्वतः लिहिला. इंग्रजीत लिहायचा होता, मला जमतं तेवढ्या इंग्रजीत लिहिला. काचा चारही खऱ्या आहेत. सन १९४० च्या दोन एप्रिलपासून उन्हाळ्यात पेटीभोवतीची जमीन दुपारी ओली ठेवली जात होती. जमीन थंड झाल्यामुळे तिच्यावरची हवा थंड होत होती. जमीन ओली ठेवण्याचे कारण निरीक्षकाच्या घरातील आजारपण. ही गोष्ट निरीक्षकाच्या लक्षात यायला हवी होती, आली नाही, कारण निरीक्षकाने पायाखाली पाहिले नाही. दोष निरीक्षकाचा. कमलीबाईचं नाव कुठे घातलं नाही. शेवटी विनंती केली की पेटी आवाराच्या दूरच्या, कोरड्या टोकाला हलवण्याची परवानगी मिळावी. पितांबरशेठनी वाचलं आणि पहिल्यांदाच त्यांना विनोद सुचला नाही. "आप्पा, तुम्ही येडा शेतस," एवढंच म्हणाले, आणि स्वतः जाऊन तांबड्या शाईची दौत आणून माझ्यासमोर ठेवली. "मारनीच शे ते तुम्हीच मारा. दुसरा जाड मारी."

पट्टी धरून मी रेघा ओढल्या. टाक एकदा बुडवून दौतीच्या काठावर निथळवायचा, मगच ओढायची. केसासारख्या रेघा. चार उन्हाळ्यांच्या प्रत्येक ओळीला शेऱ्याचा रकाना असतो. तो माझा बहुतेक कोराच असायचा, धुळीचं वादळ किंवा गारा झाल्या तरच भरायचा. त्यात मी प्रत्येक दिवसापुढे लिहीत गेलो, जमीन ओली. जमीन ओली. जमीन ओली. पंचवीस एप्रिलपुढेही लिहिलं. त्या दिवशीही कमलीबाईनं पाणी टाकलं होतं तर, तिरडी निघाल्यावर, रिकाम्या ओट्यासाठी. हात दुखायला लागला आणि मान वर केली तर घड्याळात एक वाजला होता, आणि भिंतीपलीकडून तो आवाज आला, भस्सकन.

मी वही मिटून उठलो. पितांबरशेठ म्हणाले, "कोठे? पाच कोठे वाजनात?" मी भिंतीला वळसा घालून आलो आणि ओट्यावर, खाट असायची त्या जागी, पाय खाली सोडून बसलो. कमलीबाई सातवा की आठवा हंडा ओतत होती. बाजूला पेटी उभी होती, तिच्या आत आता पारा उतरत असणार. मी उघडून बघितली नाही. पाणी मातीवरून वाट काढत ओट्याच्या पायरीकडे यायला लागलं, पुढे वाळलेली हरळीची पानं ढकलत.

"पाय उचला आप्पा," कमलीबाई वैतागून म्हणाली, "वल्ला व्हई जातीन."

मी पाय उचलले नाहीत.